ओट्यावर बसून सांगितलेले सिनेमे

देवका, तो सिनेमा काल पाहून आले. रविवारच्या दुपारच्या खेळाला दोघींनी जायचं ठरवलं होतं, तोच. अगदी भिकार आहे. हिरोइन म्हणे मजुराची मुलगी, आणि नखं अशी की जन्मात कधी राखेनं भांडं घासलेलं नसावं. गाणी इतकी, की मध्येच गोष्ट सुरू झाली तर हिला कुणी बोलावलं असं वाटावं. बाहेर आले आणि सवयीनं डावीकडे वळून म्हटलं, "कसा वाटला?" शेजारून एक अनोळखी बाई चालली होती. ती दचकली, मग बिचारी म्हणाली, "बरा होता की."

जिवाभावाची मैत्रीण जाते काय आणि ही टॉकीजात जाऊन बसते काय, असं अकोल्यात कुणी म्हटलं तर म्हणू दे. दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, बोलायला त्रास होत होता, तरी तू मला बजावलं होतंस, "माह्यासाठी थांबू नको. पाहून ये अन् सांग." म्हणून गेले. आणि सांगायचं कुणाला हा प्रश्न मला घरी परत येईपर्यंत पडला नाही. रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. सिनेमा त्या लायकीचा नव्हता.

हे कुठं छापून आलंच, तर वाचणाऱ्यांना तू कोण हे कळायला हवं. तू कधी जन्मलीस, कुठे नोकरी केलीस, ते सगळं शाळेच्या शोकसभेत सांगून झालं. हेडमास्तरीणबाईंनी तुला ‘शांत आणि मितभाषी’ म्हटलं. मला तिथंच हसू फुटणार होतं. मितभाषी! तुझ्या तोंडून सिनेमा ऐकलेला नाही बाईंनी.

आपण अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंगला एका बाकावर होतो. मी वकिलाची मुलगी, तुझे वडील कापसाच्या जिनात गाठी बांधायला. तुम्ही सगळ्यांनी बुद्धाचा धम्म घेतला त्याला फार दिवस झाले नव्हते. तू मान ताठ ठेवून वर्गात यायचीस, आणि मला वाटायचं, हिची मान दुखते की काय. पहिला सिनेमा आपण तेव्हाच पाहिला. टॉकीजात बायकांच्या बाजूला पडदा असायचा. दिवे गेले की गडी तो सर्रकन बाजूला ओढायचा, आणि मध्यंतरात दिवे लागायच्या आत पुन्हा लावून टाकायचा. आत वकिलिणी, हमालिणी, कडेवरची पोरं, भुईमुगाच्या शेंगा, मुसमुसणं, सगळं एका बाकावर. मी पहिल्या गाण्यापासून जी रडायला लागले ती शेवटपर्यंत. तुझ्याकडे पाहिलं तर तू हनुवटीवर मूठ ठेवून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी बघत होतीस.

बाहेर आल्यावर विचारलं, "कसा वाटला?"

"घागर खाली होती," तू म्हणालीस.

"कोणती घागर?"

"ते विहिरीवरून आली ना डोक्शावर घेऊन, ते. अन् चालता चालता मान मोडून त्याच्याकडे पाहे. भरल्या घागरीनं कोणी अशी मान वळवते का? मोडन ना मान!"

मी रस्त्यातच थांबले. माझा रुमाल पिळून काढण्याजोगा झाला होता, आणि मला ती घागर दिसलीच नव्हती. त्या दिवसापासून तुझ्याशिवाय सिनेमा पाहण्यात मला गोडी राहिली नाही. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा यजमानांनी हौसेनं तिकिटं काढली, तर सगळा वेळ मी मनात म्हणत होते, देवकाला यातलं काय दिसलं असतं?

तुझी मतं दोन वाक्यांची असायची, पण ती ऐकल्यावर सिनेमावाल्यानं धंदा बंद करावा. एकदा म्हणालीस, "व्हिलन कामाचा माणूस हाय. तो एकटाच काही करून रायला. बाकीचे गाणे म्हणून रायले." एकदा देवळात घंटा वाजवून पोरगं बरं झालं, तर, "मंग तो डागदर काहून आणला होता? त्याची फी द्या म्हणा." श्रीमंताच्या बंगल्याबद्दल म्हणालीस, "एवढा मोठा जिना हाय, पण सैपाकघर कुठीच नाही. हे लोक खातात काय, जिना?" मी तुझ्याशी भांडायची. सिनेमा असा पाहायचा नसतो, त्यात मन घालायचं असतं, असं काहीबाही. तू शेंगा सोलत म्हणायचीस, "मन घालूनच त पाह्यतो. म्हणून त राग येते."

पण हे झालं तुझं माझ्याजवळचं बोलणं. माझ्या आईजवळचं निराळं होतं, आणि खरं म्हणजे मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

माझ्या आईनं सिनेमा कधी पाहिलाच नाही. वडील होते तेव्हा ‘आपल्यातल्या बायका जात नाहीत’ म्हणून, आणि ते गेल्यावर ‘आता काय करायचंय’ म्हणून. मी शाळेत असताना वडील गेले, तेव्हापासून ती एकवेळ जेवायची, सोवळ्यात स्वयंपाक करायची, आणि उरलेला वेळ उंबऱ्याच्या आत बसून वाती वळायची. घराबाहेर पडणं म्हणजे देऊळ, तेही गल्लीतलं. बोलणंही कमी झालेलं. कापसाचे पेळू मांडीवर आणि नजर रस्त्यावर, अशी मला ती लहानपणापासून आठवते.

तू पहिल्यांदा घरी आलीस ती माझं पुस्तक परत द्यायला. आत आईनं विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण, देवका." आईनं आडनाव विचारलं. ते तू सांगितलंस, आणि असं खणखणीत सांगितलंस की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. आईनं हातातली वात पुरी वळली. मग म्हणाली, "बस. ओट्यावर बस."

माझे कान तापले. तू मात्र ओट्यावर बसलीस, पदर सारखा केलास, आणि आरामात खांबाला टेकलीस. आईनं आतून विचारलं, "काल म्हणे तुम्ही सिनेमाला गेला होतात. काय होतं त्यात?" मी म्हटलं, "काही नाही गं, नेहमीचंच." तू म्हणालीस, "सांगू का काकू?"

आणि तू सुरू झालीस.

देवका, त्या दुपारचं मला अजून आश्चर्य वाटतं. तोच सिनेमा, घागरवाला. माझ्यापाशी ज्याची तू टर उडवली होतीस, तोच. पण आईला सांगताना तू उठून उभी राहिलीस, कमरेत हलकी वाकलीस, एक हात डोक्याजवळ नेलास, आणि म्हणालीस, "घागर अशी डबडब भरेल, काकू. पाणी खांद्यावर सांडून रायलं. मान वळवता येत नाही. तो मांगून आवाज देऊन रायला, अन् तिले वळून पाहता येत नाही." सिनेमात जी घागर रिकामी होती ती तू आमच्या ओट्यावर भरून दिलीस. आणि ती भरल्याबरोबर सगळी गोष्टच बदलली. आता त्या बाईला वळता येत नव्हतं. तिला हाक ऐकू येत होती आणि वळता येत नव्हतं. आईच्या हातातली वात अर्धी वळून राहिली. मी तो सिनेमा पाहिला होता तरी माझ्या अंगावर काटा आला.

मग ते चालूच झालं. रविवार आला की तू यायचीस. तूच गाडी व्हायचीस, तूच शिट्टी, तूच सासू आणि तूच पोलीस. गाणं आलं की म्हणायचीस, "इथी एक गाणं हाय, ते सोडून देतो आपण," आणि पुढं जायचीस. गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालता घालता आमच्या ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या. आई उंबऱ्याच्या आत, तू बाहेर. मी चहा आणून ठेवायची आणि तू म्हणायचीस, "मी पेऊन आली." पाणी दिलं तरी, "पेऊन आली." उन्हाळ्यात, अमरावतीच्या त्या उन्हात, चालत येऊन, घसा कोरडा पडेपर्यंत बोलूनसुद्धा, "पेऊन आली." आईनं मला एकदा विचारलं, "ती काही घेत का नाही गं?" मी म्हटलं, "तिला विचार." तिनं विचारलं नाही.

त्या साली आईनं लक्ष वातींचं व्रत धरलं होतं. वाती सोवळ्यात वळायच्या, कुणाला शिवायचं नाही. तेव्हा तुझा एक सिनेमा चालला होता: जत्रेत हरवलेला मुलगा मोठा होऊन येतो, आई आंधळी झालेली, मुलगा समोर उभा आहे आणि तिला ठाऊक नाही. तू सांगत होतीस की लहानपणी तो चुलीवर पडला होता, कानामागं भाजल्याची खूण होती. म्हातारी म्हणते, बाबा, जरा वाक, तुझ्या डोक्यावरून हात फिरवते. तो वाकतो. तू तुझा हात हवेत धरलास. असा, हळूहळू खाली आणत. कपाळावरून केसात, केसातून कानाकडे. आणि थांबलीस.

सबंध ओटा थांबला. आणि आई, माझी सोवळ्यातली आई, उंबऱ्यावरून पुढं झुकली आणि तिनं तुझं मनगट धरलं. "सापडली का गं खूण?"

तू तिच्या हाताकडे पाहिलंस. मग तिच्या तोंडाकडे. हात सोडवून घेतला नाहीस. "सापडली काकू," म्हणालीस, आणि गोष्ट पुरी केलीस.

तू गेल्यावर आईच्या लक्षात आलं. मांडीवर वाती, हाताला तुझा स्पर्श. ती उठली आणि मागच्या अंगणात गेली. आता अंघोळ करणार, वळलेल्या वाती टाकून देणार, हे ठरलेलंच होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून बादलीचा आवाज येण्याची वाट पाहत होते. आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं ती परत आली, तशीच, कोरडी. बसली, आणि उरलेल्या वाती वळायला लागली. त्या दिवशीच्या वाती तिनं बाकीच्यांत मिसळून टाकल्या. आमच्या घरात एवढी मोठी गोष्ट कधी घडली नव्हती.

पुढच्या रविवारी तू आलीस, तर आई दारातच उभी. "देवका," ती म्हणाली, "आत ये. आत बसून सांग."

मला इतका आनंद झाला की मी तुझा हात धरून ओढायलाच निघाले. तू जागची हलली नाहीस.

"काकू," तू म्हणालीस, "तुमी बोलावलं, हे लय मोठं झालं. पण मी अशी नाही येणार. पयले तुमी आमच्या घरी या. माह्या मायच्या हातचा चहा घ्या. मंग मी येईन. मंग तुमच्या चुलीपाशी बसून सांगीन सिनेमा."

आईचा चेहरा मी पाहिला. तिला राग आला नव्हता. "अगं, मी कुठंच जात नाही गं," ती म्हणाली.

"मले माहीत हाय."

"मग?"

"मंग काही नाही. मी ओट्यावर येतच राहीन. राग नाही काकू." आणि तू खांबाला टेकून बसलीस. "ऐका आता. हा जरा मारामारीचा हाय."

तुला पोचवायला निघाले, त्या वाटेवर मी तुझ्याशी काय भांडले! आईनं आयुष्यभराचं सोवळं बाजूला ठेवलं, तुझ्यासाठी दार उघडलं, आणि तू तिला अट घालतेस? कोण समजतेस स्वतःला? तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "दार उघडलं, बरोबर हाय. पण उघडणारी तेच, अन् येणारी मीच, असंच काहून? आमच्याबी घराले दार हाय ना, बाप्पा. एक डाव आमी उघडून पाहू."

मला तेव्हा ते घमेंडीचं वाटलं. घरी येऊन जेवले नाही मी. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, आणि तुझ्या मानेचं कोडं मला पहिल्यांदा उलगडलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, अंगावर एकच बरं लुगडं, आणि माझ्या आईसारख्या बाईला ती तोंडावर, न ओरडता, न रडता, हसत सांगते की माझ्या घरी या. एवढं धैर्य मी सिनेमातल्या कुणातही पाहिलं नाही. वकील असलेल्या माझ्या वडिलांतही नाही.

तो जत्रेचा सिनेमा मी नंतर पाहिला. तुला सांगितलं नव्हतं, एकटीच गेले होते. त्यात खूण नाही. भाजल्याची नाही, कसलीच नाही. म्हातारी एका गाण्यावरून मुलाला ओळखते, आणि तेही गाणं रटाळ. तुला गाठून विचारलं, "ती खूण कुठं होती गं?"

"नव्हती का?" तू डोळे मोठे केलेस. "मंग त्याहीच्या हातून राहून गेली असन."

आईनं हात पुढं करावा म्हणून तू ती घातली होतीस का? हे मी तुला पुढं किती वेळा विचारलं. कधी तू म्हणायचीस, "मले आठवत नाही." कधी म्हणायचीस, "सिनेमा एकदा पाह्यला की तो आपला. आपल्या घरच्यासारखा मांडावा." आपला हा वाद मिटलाच नाही. सिनेमा जसा आहे तसा सांगावा असं मी म्हणायची, आणि जसा असायला पाहिजे होता तसा सांगावा असं तू. तू जिंकलीस असं आज म्हणून टाकते, पण ते ऐकायला तू हवी होतीस.

मग माझं लग्न झालं, मी अकोल्याला आले. दोन वर्षांनी तुझीही बदली अकोल्याच्या मुलींच्या शाळेत झाली, आणि मला घरबसल्या खजिना सापडला. माझ्या घरी तू पहिल्या दिवसापासून आलीस, ताटाला ताट लावून जेवलीस, कारण मी तुझ्या घरी कधीच जाऊन आले होते. तुझ्या आईच्या हातची ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि तुम्ही दोघी पोट धरून हसला होतात. तो व्यवहार साफ होता. राहिला होता तो अमरावतीचा.

सुट्टी लागली की तू मूर्तिजापूरवरून बसनं अमरावतीला जायचीस, आणि घरी जायच्या आधी, हातात पिशवी तशीच, आमच्या ओट्यावर टेकायचीस. अकोल्यात आपण पाहिलेले सगळे सिनेमे आईला एका बैठकीत मिळायचे. आईजवळ राहणारा माझा भाऊ सांगायचा की सुट्टी जवळ आली की आई खांबाजवळची जागा सारवून घेते. दरवेळी ती म्हणायची, "येईन गं एकदा तुझ्याकडे." दरवेळी तू म्हणायचीस, "या ना काकू." कधी एकादशी आडवी यायची, कधी गुडघा. एकदा मात्र ती खरंच निघाली. धुतलेलं लुगडं नेसली, चपला घातल्या, ओट्याच्या पायरीपर्यंत आली, समोरच्या बाईनं विचारलं, "कुठं निघाल्या काकू?" आणि ती परत आत गेली. भावानं हे मला सांगितलं, मी तुला. मला वाटलं तुला वाईट वाटेल. तू टाळी वाजवलीस.

"पायरीपर्यंत आल्या? मंग अर्धा सिनेमा झाला की व! आता मध्यंतर हाय. बसू दे त्याहीले जरा."

तू वाट पाहत होतीस का, देवका? खरोखर, मनातून? हे मात्र मी तुला कधी विचारलं नाही. तुझ्या हसण्याकडे पाहून विचारायची हिंमत झाली नाही. आज वाटतं की पाहत असशील. नाहीतर पिशवी हातात घेऊन, स्वतःच्या आईला भेटण्याआधी, कुणी माझ्या आईच्या ओट्यावर बसतं का?

कावीळ तुला या उन्हाळ्यात झाली. साधी कावीळ. शाळेतल्या बाया म्हणाल्या पथ्य पाळा, पाळलंस. मुळ्या आणल्या, दवाखाना केला. मग एका सकाळी तुझा भाऊ तुला गाडीत घालून अमरावतीला घेऊन गेला, आणि मी पोचले तेव्हा तुला नेण्याची तयारी चालली होती. तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ही म्हणणार, मेलेल्या माणसाचा श्वास चालू दिसून रायला. सिनेमातल्या सगळ्या मढ्यांबद्दल तू हेच म्हणायचीस. तुझा श्वास चालू नव्हता. हे काम तू चोख केलंस.

आईला मी सांगितलं. "गेली?" तिनं एवढंच विचारलं. मी तिच्याजवळ तीन-चार दिवस राहिले. ती खांबाजवळच्या जागेकडे पाहत नव्हती, मुद्दाम दुसरीकडे तोंड करून बसायची. वातीही वळल्या नाहीत. मग एका सकाळी मी पाहते तो तिची अंघोळ झालेली, धुतलेलं लुगडं नेसलेलं, पण देवापाशी बसलेली नाही. म्हणाली, "टांगा सांग."

"कुठं जायचंय?"

"देवकाकडे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता काय उपयोग गं आई?"

"तिनं काय आज बोलावलंय का?" आई म्हणाली. "कधीचं बोलावलंय."

या वेळीही समोरच्या बाईनं विचारलं, कुठं निघाल्या काकू. आईनं टांग्यात बसता बसता सांगितलं, "माझ्या पोरीच्या घरी." जिनामागच्या तुमच्या वस्तीत टांगा शिरला तेव्हा लोक बाहेर येऊन पाहायला लागले. तुमच्या घराशी ती उतरली, आणि दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. आत तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, समोर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली ट्रेनिंगच्या वेळचा तुझा फोटो. तुझ्या आईनं वर पाहिलं, ओळखलं नाही. मी पुढं होऊन सांगितलं.

"या ना बाई," तुझी आई गडबडून उठली. "आत या ना."

"येऊ?" माझ्या आईनं विचारलं.

देवका, तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गाच्या दारात उभी राहून नवी मुलगी विचारते तसा.

ती आत येऊन चटईवर बसली. तुझी आई चहाचं विचारू की नको अशा घोटाळ्यात असलेली मला दिसत होती. तेव्हा माझीच आई म्हणाली, "चहा करता का थोडा? तुमच्या हातचा घ्यायचा राहिला आहे माझा." चहा आला. साखर फार होती. आईनं तो सावकाश, कप पार कोरडा होईपर्यंत घेतला. परक्या घरी तिनं पाण्याचा घोट घेतलेलासुद्धा मी जन्मात पाहिलेला नाही. तुझ्या आईचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

मग तुझ्या आईनं विचारलं, "बाई, पोरगी बसमधून उतरली की पयले तुमच्याइथं जाये. काय बोले व ते तिथं एवढं?"

"सिनेमे सांगायची मला."

"आमची देवका?" तुझ्या आईला खरं वाटेना. "घरी त कधी नाही सांगतलं. सांगन तरी कवा? मी दिवसभर जिनात, सांजच्याले आली की पाठ टेकल्याबरोबर झोप. मीनं त सिनेमा जिंदगीत पाह्यला नाही."

माझी आई तिच्याकडे पाहतच राहिली. "मीही नाही पाहिला," ती म्हणाली. मग जरा पुढं सरकून बसली. "मी सांगू? तिनं दिवाळीत सांगितलेला?"

आणि माझ्या मितभाषी आईनं सिनेमा सांगायला सुरुवात केली. अडखळत, मागचं पुढं करत, पण हात तुझे होते. आवाज बदलणं तुझं होतं. "इथं एक गाणं आहे, ते सोडून देऊ," असंसुद्धा म्हणाली. दारात बायका जमल्या. तुझी आई तोंडाला पदर लावून ऐकत होती, आणि खाष्ट सासूच्या जागी तिला चक्क हसू आलं. मी ऐकण्यात रंगून गेले आणि एकदम मला शेवट आठवला. हा सिनेमा मी तुझ्या शेजारी बसून पाहिला होता. शेवटी त्यातली मुलगी मरते. तापानं मरते, आईच्या मांडीवर.

आईलाही ते त्याच वेळी आठवलं असावं. मुलीला ताप चढला, वैद्य उठून गेला, इथवर येऊन ती थांबली. तुझ्या आईनं विचारलं, "मंग?"

"मग काय," आई म्हणाली. "पहाटे ताप उतरला. पोरगी उठून बसली आणि म्हणाली, आई, भूक लागली."

"वाचली ना?"

"वाचली."

तुझ्या आईनं मोठा श्वास सोडला. परत येताना टांग्यात मी हळूच म्हटलं, "ती मरते गं आई सिनेमात." "माहीत आहे मला," ती म्हणाली. "देवकानं सांगितला तेव्हा मेलीच होती."

देवका, तुझ्या मायच्या हातचा चहा तिनं घेतला. उशिरा घेतला, फार उशिरा, पण तुझं म्हणणं तिनं राखलं. आता आमच्या घरात यायचं तुझ्याकडून राहिलं आहे.